सहा कोऱ्या ताटल्या

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, हायवेलगतच्या त्या हॉटेलात ऑर्डर कुणी लिहून देत नसे. वाढणारी बाई ओरडून सांगायची आणि तव्यावरची ओडेसा मॅब्री एकदाच ऐकायची. पुन्हा विचारणं म्हणजे नाक कापून घेणं. पण डोक्यात मावतात जेमतेम चार ऑर्डरी. बाकीचं ताटलीनेच लक्षात ठेवायचं: जॅमची पुडी उलटी म्हणजे अंडी फेटून, कडेला सुलटी म्हणजे पिवळं कच्चं, लोण्याची वडी म्हणजे बटाट्याचा कीस.

वसंतात ओडेसाला मेंदूचा हलका झटका येऊन गेला होता. आज मॅनेजर रॉइस हाताची घडी घालून तिच्या मागे उभा होता. एक ताटली चुकली तर उद्यापासून भांडी घासायची, असं त्याने तिला स्वच्छ सांगितलं होतं. अंडं फोडायला त्याला तिनेच शिकवलेलं. सांगताना गड्याची जीभ जरा अडखळली, एवढंच.

चर्च सुटलं आणि गर्दी उसळली. वाढणाऱ्या लव्हॉनने एका दमात सहा ऑर्डरी सांगितल्या. ओडेसाने सहा ताटल्यांवर खुणा मांडल्या आणि ती तव्याकडे वळली. तेवढ्यात कालच कामाला लागलेल्या एका बाईने, टेबलांवर जॅम आणि लोणी संपलं म्हणून, ताटल्यांवरचं सगळं गोळा करून नेलं.

ओडेसा वळली तेव्हा सगळ्या ताटल्या कोऱ्या होत्या.

"विचारायचंय का लव्हॉनला, मिस ओडेसा?" रॉइसने हळूच म्हटलं.

"तू गप उभा राहा."

तिची एक जुनी खोड होती. ऑर्डर कानावर पडली की ती मनातल्या मनात एकेका भावंडापुढे ठेवायची. आईच्या टेबलाभोवती सहा जण. पिवळं कच्चं थोरल्या क्लीटसचं, फेटलेलं ऑफेलियाचं. एकेक तोंड आठवत गेलं, हात चालत गेले. सहावा, धाकटा, कांद्यावर चीज मागणारा, दारात हसत उभा दिसला. तीही ताटली भरली.

सहाच्या सहा बरोबर निघाल्या. "तवा तुमचाच, मिस ओडेसा," रॉइस म्हणाला. त्याला मनापासून आनंद झाला होता.

ओडेसाने लव्हॉनला जवळ बोलावलं. "माझ्या धाकट्या भावाचं नाव काय गं? दर शुक्रवारी येतो ना इथे, तो."

लव्हॉन तिच्याकडे बघतच राहिली. "रूफस."

ओडेसाने मान हलवली. मग उलथणं रॉइसच्या हातात दिलं आणि ती भांडी घासायला मोरीकडे गेली.