अकरा पंचवीसचा फोन

इस्पितळाच्या तळघरात जिथं जिना संपतो, तिथं वाफ सुरू होते. त्या वाफेत एक बाई एकतीस वर्षं उभी आहे. तिचं काम सांगायला सोपं आणि करायला अवघड. धुऊन आलेली चादर उजेडापुढं धरायची. डाग दिसला तर चादर परत हौदात, नाही दिसला तर घडी. दिवसाला चारशे चादरी तिच्या हातांखालून जातात. मोठ्या डॉक्टरांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे तिला घडीमावशी म्हणतात.

इतकी वर्षं डागच शोधणाऱ्या माणसाचा स्वभाव कसा होणार? भाजीवाल्यानं एक लिंबू वर घातलं, तर मावशी आधी त्या लिंबाचा वास घेऊन बघायची. कुणी गोड बोललं, की दोन पावलं मागं सरायची. "माणूस उगाच हसत नाही," हे तिचं ठरलेलं बोलणं. आख्ख्या जगात तिनं एकाच बाईवर डोळे मिटून विश्वास टाकला. ती बाई शेजारच्या रोलरवर काम करायची. ओली चादर तापलेल्या रोलरमध्ये घालायची, दुसऱ्या बाजूनं कोरडी काढून मावशीकडं सरकवायची. दोघींमध्ये एकोणीस वर्षं ती चादर येत-जात राहिली. बोलणं कमी, वाफ जास्त.

रोलरवालीला एक मुलगी होती. नवरा मुलगी दोन वर्षांची असताना निघून गेला, तो कुठं गेला हे विचारण्याच्या भानगडीत ती पडली नाही. मागंपुढं दुसरं कुणी नव्हतं. मुलीला घरी ठेवणार कुणाजवळ? म्हणून ती तळघरातच वाढली. चादरींच्या गाड्यांमधून या टोकापासून त्या टोकापर्यंत दिवसभर पळायची. मावशीनंच तिचं नाव भिंगरी ठेवलं. पुढं हीच भिंगरी दहा हजार मीटर पळू लागली, परदेशी मैदानांवर पळू लागली, आणि शहरातल्या भिंतींवर तिची चित्रं लागली. आई मात्र रोलरवरच राहिली. "पोरगी पळते म्हणून मी बसायचं होय?" असं म्हणायची.

मग आई आजारी पडली. ज्या इस्पितळाच्या चादरी तिनं वाळवल्या, त्याच इस्पितळात तिसऱ्या मजल्यावर तिला खाट मिळाली. त्या मजल्यावर नातेवाइकांशिवाय कुणाला सोडत नाहीत, मग तो तळघरातला माणूस का असेना. दाखल करताना कारकुनानं नातं विचारलं, तेव्हा रोलरवालीनं बेधडक सांगितलं, "ही माझी बहीण. हिचाच नंबर लिहा. पोरगी शर्यतींच्या मागं देशोदेशी हिंडते, तिला कुठं शोधत बसणार तुम्ही?" कारकुनानं लिहिलं. मावशी रोज काम संपलं की वर जायची आणि बहीण म्हणून बसायची.

एके दिवशी सकाळी अकरा पंचवीसला मावशीच्या खिशातला फोन वाजला. तिसऱ्या मजल्यावरून बोलत होते. तुमची बहीण पंधरा मिनिटांपूर्वी गेली. मुलीला तुम्ही कळवाल ना?

"कळवते," मावशी म्हणाली.

भिंगरीची शर्यत त्याच दिवशी होती, आपल्या घड्याळानं चार वाजता. चार वर्षांची तयारी त्या अर्ध्या तासासाठी होती. मावशी वर जाऊन मैत्रिणीजवळ बसून आली आणि परत आपल्या जागी उभी राहिली. एक वाजता वरून चादरींचं गाठोडं आलं. त्यावर लिहिलेला खाटेचा नंबर तिनं वाचला. गाठोडं तिनं स्वतः सोडलं, स्वतः हौदात टाकलं, आणि शेजारच्या बायकांना काही बोलली नाही. चार वाजता कँटीनमधल्या टीव्हीवर भिंगरी धावली आणि तिसरी आली. सगळ्या तळघरानं टाळ्या वाजवल्या. सहा वाजता मावशीनं प्रशिक्षकाला फोन लावला आणि सांगितलं, "तिची आई गेली." कधी गेली, ते तिनं सांगितलं नाही. त्यानंही त्या गडबडीत विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी शहर रडायला लागलं.

किराणावाल्यानं दुकानात रोलरवालीचा हार घातलेला फोटो लावला. खाली लिहिलं, 'या माउलीच्या लेकीला आम्ही लहानपणी दूध पाजले.' मावशी दुकानापुढं उभी राहून म्हणाली, "त्यात पाणी किती होतं, तेही लिही की." हेडमास्तरांनी टीव्हीवर सांगितलं, की या मुलीच्या पायातलं बळ आपण आधीच ओळखलं होतं. मावशीला आठवत होतं ते वेगळं. व्हरांड्यात पळाली म्हणून याच मास्तरांनी तिला आठवडाभर वर्गाबाहेर उभं केलं होतं. एक पुढारी गाडीतून उतरले, हात जोडून फोटो काढून घेतला, आणि वळताना हळूच शेजारच्याला विचारलं, "बाईंचं नाव काय होतं?" मावशी जवळच होती. तिनं एकेकाचं रडणं चादरीसारखं उजेडापुढं धरून पाहिलं. एकही घडी घालण्याजोगं निघालं नाही.

तिसऱ्या दिवशी भिंगरी आली. आईला निरोप दिला गेला. ती रडली नाही, आणि ते कॅमेऱ्यांनी टिपलं.

चौथ्या दिवशी बातमी छापून आली. एका बातमीदारानं इस्पितळाचं रजिस्टर मिळवलं होतं. त्यात नोंद होती, 'नातेवाइकांना फोनवरून कळवले, ११.२५.' आता त्या बाईला नातेवाईक कोण? एकच मुलगी. फोन लावणाऱ्या परिचारिकेलाही एवढंच आठवत होतं, की फोन कुणीतरी लगेच उचलला होता. बातमीदारानं दोन आणि दोन चार केले. मथळा आला, 'अकरा पंचवीसला कळलं, चारला धावली!'

किराणावाल्यानं दुपारच्या आत फोटो उतरवला. भिंगरीच्या दारातले हार कुणीतरी उचलून गटारात टाकले. तळघरात चहाच्या सुट्टीत रोलरवरची नवी बाई म्हणाली, "मी तर म्हटलंच होतं. निरोपाच्या दिवशी डोळ्यांत टिपूस नव्हतं."

"मेडल मोठं की आई मोठी?" दुसरी म्हणाली.

"आणि मेडल तरी कसलं? तिसऱ्या नंबरचं!"

सगळ्या हसल्या. मावशीचा कप ओठांपर्यंत गेला आणि तिथंच थांबला.

"मावशी, तू तर घरातली. तुला काय वाटतं? कळलं असेल ना तिला?"

"मला काय ठाऊक," मावशी म्हणाली आणि उठली.

जगात कुणावर विश्वास न ठेवणारी बाई त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःकडं संशयानं बघू लागली. तोंड उघडलं असतं, तर भिंगरी एका वाक्यात सुटली असती. पण मग भिंगरीलाही कळलं असतं. रोलरवाली गेल्यावर मावशीला आपलं म्हणायला ही एकच पोर उरली होती. तीही गेली तर? ती चादर धरायची, आणि डाग शोधायच्या ऐवजी नुसतीच उजेडाकडं बघत राहायची. त्या दुपारी तिनं डाग असलेल्या तीन चादरी घडी घालून वर पाठवल्या. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं.

संध्याकाळी भिंगरीचा निरोप आला, घरी ये.

दोन खोल्यांचं घर. भिंगरी आईचं कपाट रिकामं करत बसली होती. बाहेर दहा-बारा माणसं आणि तो बातमीदार ताटकळत होते.

"मावशी, दार लाव. बस."

मावशी बसली.

"सरांना आत्ता फोन करून सांगितलं. उद्यापासून त्यांचा माझा संबंध संपला."

"प्रशिक्षकांना? का गं?"

"का म्हणजे? इस्पितळातून फोन गेला, हे रजिस्टरात आहे. मला आला नाही, हे मला ठाऊक आहे. मग मधल्या मध्ये कुणी गिळला? शर्यतीच्या दिवशी माझा फोन त्यांच्याकडं असतो. शपथा घेतायत. अकरा वर्षांत पहिल्यांदा रडताना ऐकलं त्यांना. मला तर तेही नाटक वाटलं."

कपाटाचं दार किरकिरत पुढं-मागं हलत होतं. मावशीनं हात लावून ते थांबवलं.

"फोन माझ्याकडं आला होता," ती म्हणाली.

"कुठला फोन?"

"तोच. तुझ्या आईनं मला बहीण म्हणून लिहिलं होतं, वर सोडावं म्हणून. नंबर माझा होता. मी म्हटलं, कळवते. आणि नाही कळवलं."

भिंगरीनं हातातलं कापड खाली ठेवलं.

"सहा वाजेपर्यंत?"

"सहा वाजेपर्यंत."

"आईनं सांगितलं होतं का तुला? शर्यत होईपर्यंत कळवू नको म्हणून?"

एक 'हो' पुरे होता. रोलरवाली उठून सांगायला येणार नव्हती. शिवाय तिचा स्वभावही तसाच होता, ती असं बोललीही असती. पोरीला तो 'हो' उराशी धरून जन्मभर झोपता आलं असतं, आणि मावशीलाही. मावशीच्या ओठांवर तो आला, तिनं तो उजेडापुढं धरला.

"नाही," ती म्हणाली. "ती असं काही बोलली नाही. मीच ठरवलं."

"कशासाठी?"

"चार दिवस तेच शोधतेय. तुझ्यासाठी केलं, असं स्वतःला सांगते. पण कँटीनमधली टीव्हीसमोरची खुर्ची मी साडेतीनलाच धरून बसले होते. तेही खरं आहे."

भिंगरीनं खाली ठेवलेलं कापड पुन्हा उचललं आणि त्याची घडी घातली. मग हळू आवाजात म्हणाली, "मी कदाचित धावलेही असते, मावशी. कदाचित नसतेही. आता मला ते कधीच कळणार नाही. तू ते माझ्याकडून घेतलंस."

तिनं फोन उचलला आणि मावशीच्या देखतच प्रशिक्षकाला म्हणाली, "सर, माझं चुकलं. तुम्ही खरं बोलत होतात." फोन ठेवून ती पुन्हा कपाटाकडं वळली. मावशी उठली तरी तिनं मान वर केली नाही.

मावशी दार उघडून थेट बातमीदारापुढं उभी राहिली आणि त्याला सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, मग मान तिरकी केली.

"तुम्हाला बाहेर कुणी पाठवलं? तिनं?"

"मला कुणी कशाला पाठवेल? हा बघ फोन. ही बघ वेळ."

"आजी, फोन कुणाचाही असू शकतो."

"माझा आहे म्हणतेय ना मी!"

"म्हणणारच तुम्ही. घरातल्याच ना."

आयुष्यभर तिनं लोकांना ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर आता तिच्याकडं वळली होती. ही नजर एवढी गार असते, हे तिला माहीत नव्हतं.

सहाव्या पानावर चार ओळी छापून आल्या. निम्मं शहर म्हणालं, दोघींनी मिळून रचलेलं दिसतंय. उरलेलं निम्मं म्हणालं, हीच ती मरणाची बातमी दाबणारी बाई. काही जण दोन्ही म्हणाले, आणि त्यात त्यांना काही अडचण वाटली नाही. किराणावाल्यानं फोटो परत लावला, पण या खेपेला दाराजवळ, चटकन काढता येईल असा.

भिंगरी न सांगता निघून गेली. तीन महिने काही नाही. मग एका सकाळी मावशीचा फोन वाजला.

"मी बोलतेय. आज शर्यत आहे."

"माहीत आहे."

"तिकडं सगळं ठीक?"

"ठीक."

"खरं सांग."

"खरंच ठीक आहे गं."

"कुणी आजारी? कुणी गेलं?"

"चहावाल्या म्हाताऱ्याचा पाय मोडला. बाकी सगळे उभे आहेत."

फोन बंद झाला. ख्यालीखुशाली नाही, 'मावशी, जेवलीस का?' तेही नाही. पुढं प्रत्येक शर्यतीच्या सकाळी असाच फोन, असेच प्रश्न. एकदा तळघराचा मुकादम बोलता बोलता म्हणून गेला, "तुमची भिंगरी मलाही फोन करते, बरं का. तुमच्यानंतर पाच मिनिटांनी. तुम्ही सांगितलं ते खरं का, म्हणून विचारते." मावशीला ते आत कुठंतरी लागलं. मग ती म्हणाली, "बरं करते."

दोन वर्षं अशी गेली. मावशी अजून चादरी धरते, पण माणसांशी जरा सांभाळून वागते. कुणी दारात येऊन रडलं, तर आधी पाणी देते. संशय मग घ्यायचा तर घेते.

काल तिच्या छातीत कळ आली, म्हणून तिला तिसऱ्या मजल्यावर ठेवलंय. सकाळी फोन वाजला. सुई टोचलेल्या हातानंच तिनं तो उचलला.

"आज शर्यत आहे. तिकडं सगळं ठीक?"

"नाही," मावशी म्हणाली. "मी वर आहे. काल दाखल केलं."

"किती वाईट आहे?"

"डॉक्टर म्हणतात, उद्या कळेल."

"मग मी काय करू?"

"ते मी नाही सांगणार."

पलीकडून फोन बंद झाला नाही. मागं कुणीतरी शिट्टी वाजवत होतं, पळणाऱ्या पायांचे आवाज जवळ येत होते, लांब जात होते. मावशी फोन कानाला धरून तशीच पडून राहिली. तिनं मध्ये एक शब्दही घातला नाही.