भिंतीवरचे तळहात

"बाईच गेल्या, आता भिंत कुणासाठी ढकलायची? चला, दुपारच्या जीपनं माघारी जाऊ." पडद्यापलीकडून सखूबाईंचा आवाज आला. मी आत शेकायच्या पिशव्या भरत होते. प्रधान मॅडम झोपेतच गेल्या, त्याला आता महिना होईल; तेव्हा आठवडाही झाला नव्हता. विंचूरकडच्या द्राक्षबागांत राबणाऱ्या बायकांसाठी मंगळवारचा व्यायामवर्ग त्यांनी नव्वदच्या दशकात, पंचवटीतल्या आपल्या फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये सुरू केला. मांडवाखाली दिवसभर हात वर धरून घड विरळायचे, मग खांदे धरणारच. त्या दिवशी या बायका निघून गेल्या असत्या, तर पुन्हा आल्या नसत्या... आणि त्यांना थांबवायला क्लिनिकमध्ये मी एकटी होते.

मॅडमना बोलकी माणसं आवडत आणि मी अबोल, तरी त्यांनी मला हाताखाली ठेवून घेतलं. पहिल्याच दिवशी त्या माझ्या मागे उभ्या राहिल्या, पाठीवर खांद्याचं पातं असतं त्याच्या कडेला दोन बोटं टेकवली आणि म्हणाल्या, "हात वर कर... बघ, खांदा निघाला कानाला भेटायला! कुणी ओरडलंय का तुला?" कोणता स्नायू राबतोय आणि कोणता नुसता मिरवतोय, हे त्यांच्या बोटांना कळे. मानेजवळचा स्नायू उतावळा. दुसऱ्याचं काम ओढून घेतो आणि मग दुखत बसतो. खरं काम काखेखालच्या स्नायूचं, जो बरगड्यांवरून जाऊन पात्याला धरून ठेवतो. भिंतीला तळहात टेकून ढकलताना कोपर सरळ झालं की बहुतेक जण थांबतात. मॅडमचा व्यायाम तिथून सुरू होई. "हात संपला, आता पाठीनं ढकल."

हेच मी एकदा सखूबाईंना समजावायला गेले. "तुमचा अप्पर ट्रॅपेझियस ओव्हरॲक्टिव्ह आहे." त्या घाबरल्या. "म्हंजी आपरेशन हाय का?" मॅडम इतक्या हसल्या, की त्यांना खुर्चीत बसावं लागलं. नंतर मला म्हणाल्या, "तुला येतं सगळं गं. आवाज तेवढा मानेतच अडकतो."

क्लिनिकला रंग दिला तेव्हा व्यायामाची भिंत त्यांनी तशीच राहू दिली. तिच्यावर छातीच्या उंचीला तेलकट, काळपट तळहात उमटलेत, जुन्यांवर नवे. "नव्या बाईला हात कुठे ठेवायचे ते विचारावं लागत नाही," असं मॅडम रंगाऱ्याला म्हणाल्या होत्या.

पडदा सारून मी बाहेर आले. बायका चपला घालत होत्या. मी त्या ठशांवर हात ठेवले. सखूबाई थबकल्या, चपला काढून शेजारी आल्या. त्यांनी भिंत ढकलली, कोपर सरळ झालं, खांदे कानाशी गेले. मी त्यांच्या मागे जाऊन पात्याच्या कडेला दोन बोटं टेकवली.

"झालं की," त्या म्हणाल्या.

"नाही झालं, सखूबाई," मी म्हणाले, दारातल्या बायकांनाही ऐकू जाईल असं. "मान सोडा. हात संपला, आता पाठीनं ढकला!"