पाखरांची खोड

सक्करदऱ्याच्या तलावावर मी शाळेचा डबा खायला बसे, तेव्हा एक विणकर भेटे. बोलताना त्याची बोटं हवेत हलत, जणू समोर हातमागच आहे. लढाईच्या काळात तो बोटीच्या भटारखान्यात होता. तिथून उष्टं समुद्रात फेकताना मागे येणारी पाखरं त्याला एकेक करून ओळखू येऊ लागली. एकाला फक्त चरबी लागे, एक पाव भिजल्याशिवाय शिवत नसे.

"मास्तर, जात एक, पण खायची खोड ज्याची त्याले!"

सारी वस्ती त्याला थापाड्या म्हणे. एका जातीचे पक्षी सारखंच खातात, असं शाळेत शिकवणारा मीही एकदा हसलो. तो खवळला.

"काहून हासता? पातळाचा काठ पाहून मी विणणाराचा हात सांगतो!"

तलावावर मासे मारणारी पांढरी पाखरं घिरट्या घालत होती. त्यांच्याकडे पाठ करून तो माझ्यासमोर उभा राहिला.

"एक काठाकाठानं हिंडून राहिलं असंन, ते बेंडकं उचलते. मधातलं सूर मारते. तुटक्या शेपटीचं सोता मारतच नाही, दुसऱ्याचं हिसकते. पाहा!"

मधलं पाखरू मासा घेऊन वर आलं, आणि तुटक्या शेपटीचं त्याच्या चोचीवर झेपावलं!

"हिसकला! हिसकला!" मी पोळी हातात घेऊन उभाच राहिलो.

त्यानं वळूनही पाहिलं नाही. माझ्या डब्याकडे बोट दाखवलं.

"तुमचंबी तसंच, मास्तर. अर्धी पोळी कोरडी खाल्ल्याबिगर भाजीले हात लावत नाही. सालभर पाहून राहिलो."