भरताच्या पंगतीतला उपास

लोहाच्या गोळ्या मी तीन महिने चहाबरोबर गिळल्या.

गाढवपणाचं कारणही सांगतो, म्हणजे नीट हसता येईल. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीला मी धुळ्याला एका सरकारी कचेरीत कारकून होतो आणि दर पंधरवड्याला माझं तोंड यायचं. गालाच्या आत, जिभेच्या कडेला पांढरे फोड. जेवण म्हणजे शिक्षा, आणि जेवणाहून मला प्रिय असलेलं बोलणं तर बंदच. जाईचा पाला चघळला, तूप लावलं. फोड जायचे आणि पाहुण्यांसारखे परत यायचे. शेवटी डॉक्टरांनी माझी पापणी ओढून पाहिली, रक्त तपासलं आणि म्हणाले, “अंगात लोह कमी आहे. सगळ्यांचं तोंड याच कारणानं येतं असं नाही, पण तुमचं यानंच येतंय. ही गोळी रोज लिंबूपाण्याबरोबर घ्या.”

लिंबूपाणी! फोडाला लिंबू लागलं की मी खुर्चीवरून वीतभर उडायचो. तिसऱ्या दिवशी मी स्वतःच्या अकलेनं इलाज सुधारला. कचेरीत चहा येतच असे, गोळी त्याच्याबरोबर. फोड काही हटेनात, तेव्हा खापर डॉक्टरांवर फोडलं.

अशात थंडीच्या एका बुधवारी आबा, म्हणजे माझे वडील, मला असोद्याला मुलगी बघायला घेऊन गेले. मुलीच्या वडिलांनी, नानांनी, कांदेपोह्यांऐवजी मळ्यात भरीत ठेवलं होतं. मुलगी मला बघताक्षणी पसंत पडली. आता तिला मी पसंत पडायचं तेवढं राहिलं होतं, आणि तोंडात चार फोड होते.

कपाशीच्या वाळक्या काड्यांवर वांगी भाजली जात होती. मिरच्या ठेचल्या जात होत्या. त्यांच्या नुसत्या वासानं माझे चारही फोड जागे झाले. केळीच्या पानावर भरताचा डोंगर आला. आमच्याकडे मळ्यातलं भरीत नाकारणाऱ्याला पोरगी कोण देणार? आणि तोंडाचं दुखणं सांगितलं तर म्हणतील, पोरगा आजारी आहे. मी हात जोडले. “माझा उपास आहे.”

आबा माझ्याकडे बघतच राहिले. सकाळी घरी त्यांनी मला दूधभात खाताना पाहिलं होतं.

मुलीची आत्या, अक्का, पदर खोचून पुढे आली. “बुधवारले कोनाचा उपास?”

“गणपतीचा.”

“गनपतीले चहा चालते का?”

“चालतो,” मी घाईनं म्हणालो. चहा आला. सवयीनं माझा हात खिशात गेला, गोळी जिभेवर, वर चहाचा घोट. मग लक्षात आलं, सगळा मळा माझ्याकडे बघतोय.

“कशाची गोळी?” मुलीनं विचारलं. तिनं नर्सिंगचा कोर्स केला होता, हे आबांनी मला सांगितलं होतं आणि मी विसरलो होतो.

“लोहाची.”

“चहाबरोबर? मग ते अंगाला लागणार कसं? चहा लोहाला आत जाऊच देत नाही.” ती जरा जवळ आली. “तोंड येतं का सारखं?”

मी मान हलवली.

“आ करा.”

भावी सासरच्या पंगतीसमोर मी आ केला. तिनं डोकावून पाहिलं आणि खुदकन हसली. “नाना, उपास नाही यांचा. चार फोड आहेत.” नाना एवढे हसले की त्यांना ठसका लागला. आबांनी डोक्याला हात लावला. लग्न मोडलं, असं मी धरून चाललो. तेवढ्यात तिनं दुधात भाकरी कुस्करून वाटी माझ्यापुढे ठेवली, आणि कोणी न विचारताच सांगून टाकलं, “गोळी लिंबूपाण्याबरोबर. फोडाला लागतं तर स्ट्रॉनं प्या, थेट घशात जाईल.”

स्ट्रॉ! तीन महिन्यांत मला हे सुचलं नव्हतं.

पुढच्या थंडीत त्याच मळ्यात मी जावई म्हणून बसलो. फोड केव्हाच गेले होते. दोनदा भरीत मागून घेतलं आणि लोह, चहा, लिंबू यांवर पंगतभर व्याख्यान झोडलं. हातातली भाकरी तशीच ठेवून अक्का भाचीकडे वळली.

“तोंड आलं होतं तवाच बरा होता वं हा. गप तं बसे.”