एसएसडी झिजू नये म्हणून

आमच्या घरात सगळ्यात ठणठणीत तब्येत संगणकातल्या एसएसडीची आहे.

फोटो-फायली साठवायची ही नवी डिस्क बसवली तेव्हा मी कुठंसं वाचलं, की तिच्यावर काही साठवलं की ती झिजते. (घरच्या वापरानं झिजायला कित्येक वर्षं लागतात, हे त्याच लेखात खाली होतं. मी खालपर्यंत गेलोच नाही!) आधीच अणदूरच्या आमच्या घरात चांगली वस्तू वापरायची नाही, असा रिवाज. आहेरातला डिनर सेट कपाटात, सोफ्यावर दुकानातलंच प्लास्टिक. मी फर्मान काढलं, "एसएसडीवर कुणी काय ठेवायचं न्हाय!"

मग आमच्या लेकीच्या, पूनमच्या, लग्नाचे फोटो आले. बायको म्हणाली, "अहो, नवीनमधी ठेवा की."

"झिजंल ती!"

"मग आणली कशाला? पुजायला?"

मी सगळे फोटो जुन्या हार्ड डिस्कवर टाकले. ती चालताना खलबत्त्यासारखी वाजायची. फोटोग्राफरनं जागा हवी म्हणून त्याच्याकडचे पुसले, तेही मला विचारून!

महिन्याभरानं जळकोटहून विहीणबाई, म्हणजे पूनमच्या सासूबाई, हौसेनं फोटो बघायला आल्या. मी डिस्क जोडली. खट्. खट्. मग काहीच नाही. काढली, फुंकर मारली, परत जोडली. ढिम्म!

एकुलत्या एका लेकीचं लग्न मी बुडवलं होतं. काहीतरी दाखवावं म्हणून मी एसएसडीची तपासणी लावली. "बघा, तब्येत शंभर टक्के!"

"तिची ऱ्हाऊ द्या," विहीणबाई म्हणाल्या, "तुमची दाखवा कुणाला तरी."

पूनम फोनवर रडली, मलाही रडू आलं. शेवटी विहीणबाईंनीच पाहुण्यांच्या मोबाइलमधले फोटो मागवले. हार, सप्तपदी, पाठवणी, सगळं मिळालं. फक्त मीच कुठं नव्हतो! बायकोनं चष्मा लावून एक फोटो हुडकला: पंगतीत वधूपिता, गाल टम्म, तोंडात अख्खा लाडू आणि हात दुसऱ्या लाडवावर.

"ह्यो तेवढा नको गं ठेवू!"

"ठेवणार! आन् एसएसडीवरच. लई वर्षं टिकती म्हणं."

म्हणजे तो लाडू आता माझ्या पतवंडांच्या लग्नापर्यंत माझ्या तोंडातच राहणार!