माशांसाठी हलकं पाणी

घाटंजीच्या आमच्या घरातली विहीर उन्हाळ्यातही आटत नाही, याचा घरात फार अभिमान. तिच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि भांड्यांवर चुना फासल्यासारखा पांढरा थर बसतो, या किरकोळ बाबी. लग्न होऊन आले तेव्हापासून मी डाळीत चिमूटभर सोडा टाकत आले आहे. पाणी हलकं करायचं मशीन घेऊ या, असं म्हटलं की सासूबाईंचं उत्तर ठरलेलं. "याच पाण्यावर माही चार लेकरं वाढली." विषय तिथंच संपायचा.

मग ह्यांनी मासे आणले, आणि काही आठवड्यांत मशीन आलं.

डिस्कस नावाचे ते मासे. भाकरीसारखे गोल आणि चपटे. ह्यांनी नागपूरहून त्यांची जोडी आणली, बैठकीत काचेची पेटी मांडली आणि शेतातून आल्यावर पाय धुवायच्या आधी तिच्यापुढे बसू लागले. काही दिवसांनी मादीनं पेटीतल्या उभ्या मडक्यावर अंडी घातली. ह्यांना इतकं आनंदलेलं मी क्वचितच पाहिलं होतं. पण अंडी पांढरी पडली आणि गळून गेली. पुढच्या वेळी पुन्हा तेच.

"तिचा काही दोष नाही," ह्यांनी मला समजावलं. "आपलं पाणी जड हाय. जड पाण्यात अंडं फळत नाही."

इतक्या मायेनं बोलले की पोळी लाटता लाटता माझा हात थांबला.

आम्हाला मूल नाही. त्याची कारणं शोधण्यात या घरानं कधी कसूर केली नाही. माझी पत्रिका दाखवून झाली, दंडात दोरे बांधून झाले, उपास झाले. शेजारच्या काकूंना सासूबाई अंगणात सांगायच्या, "सूनच तशी निंघाली, काय करता बाप्पा." आणि मी आत तांदूळ निवडत ऐकायचे. यवतमाळच्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या सगळ्या तपासण्या केल्या आणि सांगितलं, तुमच्यात काही नाही, आता यजमानांना घेऊन या. यजमानांची तेव्हा कापसाची वेचणी चालू होती. वेचणी संपली तर तूर आली. तूर निघाली तर पेरणी. असं करत करत माझे केस पिकले. पाणी जड असेल, हे माझ्या बाबतीत कधी कुणाला सुचलं नाही.

माशांच्या बाबतीत मात्र सगळं शास्त्रशुद्ध. ह्यांच्या शर्टाच्या खिशात पेनासारखं एक मीटर आलं. ते पाण्यात बुडवलं की क्षार किती ते कळतं. हे त्यावर विहीर तपासत, पेटी तपासत, एकदा माझा चहासुद्धा तपासला. नुसतं मशीनचं पाणीही माशांना सोसत नाही म्हणे, म्हणून त्यात थोडं विहिरीचं मिसळायचं. मग त्यात बदामाच्या झाडाची वाळकी पानं टाकायची, आणि पाणी झाकण लावून मुरू द्यायचं. पानांनी पाण्याला चहाचा रंग येतो. मशीन हलकं पाणी वेगळं काढून उरलेलं आणखी जड पाणी नळीतून बाहेर टाकतं. ते वाया जाऊ नये म्हणून ह्यांनी मोठ्या मनानं माझ्या धुण्याभांड्यांसाठी दिलं.

हे मुरवलेलं पाणी मोरीशेजारच्या पिंपात ठेवलेलं असे, आणि सासूबाईंचा एक नेम होता. सकाळी उठल्याबरोबर घरातलं शिळं पाणी फेकायचं आणि ताजं भरायचं. हंडा असो, कळशी असो, घागर असो, रात्र उलटली की ते पाणी त्यांच्या लेखी बाद. मादीनं तिसऱ्यांदा अंडी घातली त्याच सुमारास त्यांना या पिंपाचा शोध लागला. आत पिवळं पाणी आणि कुजकी पानं. त्यांनी पिंप तुळशीपाशी उपडं केलं, राखेनं घासलं आणि ताज्या विहिरीच्या पाण्यानं काठोकाठ भरून ठेवलं. ह्यांनी मीटर न बुडवता ते पेटीत ओतलं. अंडी पांढरी पडली.

"माय, तू पाणी कायले फेकलं?" पिंपात मीटर बुडवून ह्यांनी विचारलं.

"शिळं होतं. वास येऊन राह्यला होता," सासूबाई म्हणाल्या. "मुक्या जीवाले कोनी शिळं पाजते का?"

मग जे सहसा होत नाही ते झालं. सासूबाईंना वाईट वाटलं. अगदी मनापासून. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. पुढच्या वेळी मादीनं मडकं साफ करायला घेतलं तशी त्यांनी पिंपाजवळच बाज टाकली आणि मलाही तिकडे फिरकू देईनात. पाणी हलकं होतं, मुरलेलं होतं, मीटरनं पसंत केलेलं होतं. अख्खं घर दबक्या आवाजात बोलत होतं. माझ्यासाठी या घरात कुणी कधी आवाज खाली केल्याचं मला आठवत नाही. मला त्या मासोळीचा हेवा वाटला, खोटं कशाला सांगू.

अंडी पांढरी पडली.

ह्यांनी नागपूरच्या दुकानदाराला फोन लावला. हात ओले होते म्हणून फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला. दुकानदारानं पाण्याची सगळी माहिती विचारली, ह्यांनी ती तोंडपाठ दिली.

"मग पानी बरोबर हाय भाऊ," दुकानदार म्हणाला. "मादीबी बरोबर हाय, अंडे देऊनच राह्यली ना ते. आता नर बदलून पाहा. नरातच कमी असते बहुतेक वेळा. लोक त्यालेच सोडून बाकी सगळं तपासतात."

सासूबाई लुगड्याचा काठ चाचपत होत्या. ह्यांनी फोन बंद केला आणि हात पुसले. हात पुसून झाल्यावर पुन्हा पुसले. बोलण्यासारखं दुकानदारानं सगळं बोलून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी हे नागपूरला गेले. वेचणी ऐन भरात होती, तरी गेले.

नवा नर आला, रुळला, आणि त्या खेपेला अंडी पांढरी पडली नाहीत. त्यांतून डोळ्यांना जेमतेम दिसतील अशी पिल्लं निघाली आणि आईबापांच्या अंगाला चिकटून चरू लागली. शेजारच्या काकू बघायला आल्या. सासूबाईंनी कौतुकानं त्यांना पेटीजवळ नेलं. "मादीत काई खोट नोहती वो," त्या सांगू लागल्या. "बिचारीले उगाच..."

आणि थांबल्या. काकू पेटी सोडून माझ्याकडे बघू लागल्या. ह्यांनी घाईनं मीटर पाण्यात बुडवलं.

मी काकूंसाठी आणलेला पाण्याचा पेला खाली ठेवला. रडू येईल असं वाटलं होतं, आला तो राग.

"बोला ना आई," मी म्हणाले. "थांबलात का?"

सासूबाई माझ्याकडे वळल्या.

"उगाच बोल लावला म्या," त्या म्हणाल्या. "इतके वर्ष."

मासे आमच्या घरी येऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं.