लिंबाच्या डोळ्यांचा भोपळा

मला लाल भोपळा चालत नाही. लग्नानंतर सासूबाईंनी कारण विचारलं तेव्हा मी "पित्त होतं" असं ठोकून दिलं, आणि ते इतकं खपलं की आता घरातले सगळे माझ्या पित्ताची काळजी घेतात. पित्ताचा काही संबंध नाही. माझी नात सध्या शाळेच्या हॅलोविनसाठी नारिंगी कागदाचे भोपळे कापते आहे, तेव्हा म्हटलं आता लिहून टाकावं. मेल्यावर कोण विचारतंय!

मी पाचवीत होते. नवीन पनवेलमधली आमची चार मजली बिल्डिंग तेव्हा नवी कोरी होती. बाबांची नोकरी पुण्याला, ते शनिवारी यायचे. आई बेलापूरला ऑफिसात. सुट्टीत मी आणि माझा धाकटा भाऊ दिवसभर एकटेच घरी, आणि घराची किल्ली तळमजल्यावरच्या आजींकडे. त्या घरात आजी, त्यांचा मुलगा म्हणजे आमचे काका, सून म्हणजे काकू आणि काकूंचं तीन महिन्यांचं बाळ. दुपारी आजी वर येऊन आम्ही जेवलो की नाही ते बघून जायच्या. आईची नोकरी त्या आजींच्या भरवशावर चालली होती, हे मला फार नंतर कळलं.

मावशी आमच्याकडे भांड्यांना यायची. बिल्डिंगमध्ये तिची चार घरं होती. तिचं गाव सेक्टरला लागूनच होतं. आमची बिल्डिंग जिथं उभी आहे तिथं तिच्या सासऱ्याचं भातशेत होतं, असं ती जिना उतरता उतरता सांगायची. त्यात तक्रार नसायची, नुसती माहिती. तळमजल्यावर ती बाळाला तेल लावून न्हाऊ घालायची. पण त्या आठवड्यात बाळ सारखं रडायला लागलं, तेव्हा आजींनी तिला ते काम बंद करायला सांगितलं. म्हणाल्या, "तुझा हात जड आहे." मावशीला ते लागलं. जिन्यात उभी राहून ती मोठ्यानं म्हणाली, "गावातली निम्मी पोरं मी न्हाऊ घातली. कुनी मेलं नाय!"

हे "मेलं" सगळ्या बिल्डिंगनं ऐकलं.

आम्हा मुलांचं लक्ष तेव्हा वेगळीकडेच होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या माझ्या मैत्रिणीचे बाबा बोटीवर होते आणि त्यांनी परदेशातून एक मुलांचं मासिक आणलं होतं. त्यात हॅलोविन नावाचा सण होता. भुताचे कपडे घालून मुलं घरोघर जातात आणि लोक त्यांना गोळ्या-चॉकलेटं देतात. आम्ही ताबडतोब तयार! पण मैत्रिणीच्या आईनं ऐकलं आणि ती कडाडली, "लोकांच्या दारात खाऊ मागायचा? भिकेचे डोहाळे लागलेत का?" झालं. आमचा सण सुरू व्हायच्या आधीच संपला असता, पण मासिकाचं पुढचं पान आमच्या मदतीला आलं. ज्यांना घरोघर जाता येत नाही त्यांनी घरच्या घरी काय मजा करावी, ते त्यावर सचित्र दिलं होतं. मैत्रीण इंग्रजी शाळेतली, ती वाचायची आणि मी मराठी शाळेतली, मी व्यवस्था करायची. अशी आमची वाटणी ठरली.

पानावर सगळ्यात मोठं चित्र भोपळ्याचं होतं. डोळे, नाक, दात कोरलेला आणि आत मेणबत्ती. मी मावशीला विचारलं, "मावशी, मला एक लाल भोपळा आणून देशील? आईला सांगायचं नाही." तिनं कशाला म्हणून विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी परसातला चांगला गरगरीत भोपळा डोक्यावर घेऊन आली. तो जिन्यातून वर येताना आजींनी बघितला असणार.

मी सुरी घेऊन बसले तर मावशीनं माझा हात धरला. "अगं बाय, आखा भोपला बाईमानसानं नाय चिरायचा. पयला घाव बाप्याचा." घरात बाप्या म्हणजे माझा सहा वर्षांचा भाऊ. तिनं त्याचा हात आपल्या हातात घेतला, सुरी टेकवली आणि पहिला घाव घातला. मग वरची चकती कापून, गर काढून, तिनं भोपळा माझ्या स्वाधीन केला. "आता काय करायचं ते कर." गर तिनं आमच्यासाठीच झाकून ठेवला. घारग्यांना होईल म्हणाली.

डोळे कोरायला काही जमेनात. बोट कापल्यावर मी कोरणं सोडलं आणि डोक्यातून युक्ती काढली. दोन भोकं पाडून त्यात लिंबाच्या अर्ध्या फोडी बसवल्या. दातांना मावशीकडून मागून घेतलेल्या सुक्या लाल मिरच्या खोचल्या. ओठांना रंग हवा होता, म्हणून देवघरातलं कुंकू कालवून फासलं. मला तो फार देखणा वाटला. आज हे लिहितानासुद्धा मला घाम फुटतो. लिंबू, मिरच्या, कुंकू आणि भोपळा! कुणी ठरवून केलं असतं तरी इतकं जमलं नसतं.

एकतीस तारखेला संध्याकाळी गच्चीवर आम्ही पाच-सहा मुलं जमलो. भावाला आईच्या फाटक्या साडीच्या पट्ट्यांत गुंडाळून इजिप्तचा मेलेला राजा केला होता. त्याला शू लागली आणि राजाला दोनदा सोडावं लागलं. पाण्यातली सफरचंदं दातांनी पकडायची असं पानावर होतं. सफरचंदं कोण देतो? आम्ही पेरू टाकले, त्यातले निम्मे तळाला गेले. डोळे मिटून वाडग्यात हात घालायचा खेळ मात्र रंगला. भिजवलेला साबुदाणा म्हणजे भुताचे डोळे आणि उकडलेल्या शेवया म्हणजे आतडी. एक मुलगी खरोखर रडत घरी गेली, म्हणजे आमचा सण यशस्वी झाला.

शेवटी प्रश्न आला भोपळ्याचं काय करायचं. मैत्रिणीनं पान वाचून सांगितलं की तो दाराशी ठेवतात, मग वाईट भुतं आत येत नाहीत. मला खालचं बाळ आठवलं. दोन दिवस त्याला ताप होता, रडून रडून त्याचा आवाज बसला होता. मीच म्हणाले, "आपण त्याच्या दाराशी ठेवू." मला वाटलं, केवढं मोठं काम करतो आहोत आपण. सगळे टीव्हीसमोर बसलेले असताना मी तो खाली नेला, चपलांच्या स्टँडमागे कोपऱ्यात ठेवला, आत मेणबत्ती लावली आणि वर पळाले. मनात बाळासाठी "शुभं करोति"सुद्धा म्हटलं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

सकाळी आजी उंबऱ्याशी रांगोळी काढायला बसल्या आणि किंचाळल्या.

आम्ही जिन्यावरून बघितलं तेव्हा खाली निम्मी बिल्डिंग जमली होती. रात्रभरात भोपळा सुकून आत वळला होता, तोंड काजळीनं काळं झालं होतं, कुंकू ओघळलं होतं आणि लिंबांवर मुंग्या होत्या. माझा देखणा भोपळा मलाच ओळखू येईना. काकू बाळाला छातीशी घट्ट धरून उभ्या होत्या. कुणी म्हणालं, "करणी आहे." कुणी म्हणालं, "अमावास्या जवळ आली ना, या दिवसांतच करतात." आजी म्हणाल्या, "मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय, भोपळा कुणी आणला ते." साप साप म्हणून भुई धोपटायला सगळे एका पायावर तयार होते.

आणि तेवढ्यात फाटकातून मावशी आली.

आजींनी विचारलं, "हा भोपळा तुझाच ना?" मावशीनं भोपळ्याकडे बघितलं. मग वर, जिन्याच्या कठड्याला धरून उभ्या असलेल्या माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. माझी मैत्रीण मागून माझा फ्रॉक ओढत होती. आई माझ्या शेजारीच उभी होती, तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. मी माझ्या पायांकडे बघत राहिले.

"भोपला माजा हाय," मावशी म्हणाली. "पन हितं मी नाय ठेवला."

"मग कुणी ठेवला?"

तिनं पुन्हा एकदा माझ्याकडे बघितलं, आणि मग खाली मान घातली. त्यानंतर सगळे जे काय बोलले ते मी इथं लिहीत नाही. शिकलेली माणसं होती ती, बँकेतली, ऑफिसातली. हात कुणी उचलला नाही, पण चारही घरं तिथंच, उभ्या उभ्या बंद झाली. आईनंही होकाराची मान हलवली. मावशी आली तशी फाटकातून गेली. काकांनी तो भोपळा चिमट्यानं उचलून गाढी नदीत सोडला.

चार दिवसांनी बाळाचा ताप उतरला. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली. "बघा, ती गेली आणि बाळ हसायला लागलं," आजी ज्याला त्याला सांगू लागल्या. आता तर पुरावाच मिळाला.

मला जेवण जाईना. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं होतं, आजी दुपारी वर आल्या की मी मोरीत जाऊन बसायची. नरकचतुर्दशीला पहाटे आई मला तेल लावत होती. अंगाला तिचे हात लागले आणि मला रडू फुटलं. मी सगळं सांगून टाकलं. मासिकाचं पान, पहिला घाव, लिंबं, सगळं. आईचे हात थांबले. मला वाटलं आता मारणार. मारलं असतं तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "अजून कुणाकुणाला माहीत आहे?"

"आम्हा मुलांनाच."

"मग कुणाला बोलू नकोस."

"पण मावशी..."

"अगं, बाबा इथं नसतात. या लोकांच्या जिवावर तुम्हाला ठेवून मी बाहेर पडते. आजींना सांगू की माझ्या मुलीनं तुमच्या दारात हे ठेवलं? उद्यापासून तुम्हाला कोण बघेल?" मग म्हणाली, "मिळेल तिला दुसरीकडे काम." ते ती मला सांगत होती की स्वतःला, कोण जाणे. आंघोळीनंतर उंबऱ्यापाशी आम्ही कारीट फोडलं आणि रिवाजाप्रमाणे त्याचा कडू रस जिभेला लावला. भाऊ थू थू करत नाचला. मला त्या दिवशी तो कडू लागलाच नाही.

मावशीला दुसरीकडे काम मिळालं नाही. शेजारच्या बिल्डिंगपर्यंत बातमी पोचली होती. तिच्या घरी कोण होतं, तिचं कसं चाललं असेल, हे विचारायची सोय आम्ही ठेवली नव्हती. मी मात्र स्वतःची समजूत घालायला शिकले. मला वाटायचं, मावशीनं माझं नाव घेतलं नाही ते माझ्यावरच्या मायेनं. तिनं मला वाचवलं. या विचारानं मला रडू यायचं आणि बरंही वाटायचं. दोन वर्षं मी त्यावर काढली.

सातवीत असताना दिवाळीच्या आधी आईबरोबर पनवेलच्या बाजारात गेले होते. आई पणत्या निवडत होती. मी चार पावलं पुढे गेले, तर उरण नाक्याच्या बाजूला पाटी पुढ्यात घेऊन मावशी बसलेली. पाटीत भेंडी, मुळा आणि एक अख्खा लाल भोपळा. ती वाळली होती. मला बघून तिनं लगेच ओळखलं.

"बाय, मोटी झालीस. भाव कसा हाय?"

माझ्या तोंडून एकदम निघालं, "मावशी, तो भोपळा मी ठेवला होता."

"मना ठाव हाय," ती म्हणाली. "मी बगितला तवाच समजले. तूच मिरच्या मागितल्या व्हत्यास माज्याकडं."

"मग तू माझं नाव का नाही सांगितलंस?"

ती हसली नाही, रागावलीही नाही. "मी सांगून कोन ऐकनार व्हतं? म्हनले असते, पोरीवर ढकलते. तू बोलली असतीस तर ऐकलं असतं. मी तुज्या तोंडाकडं बगत उबी व्हते, बाय. आता बोलशील, मंग बोलशील."

एक बाई मध्येच येऊन मुळ्याचा भाव विचारू लागली आणि मावशी तिच्याकडे वळली. तिनं मला वाचवलं वगैरे काही नव्हतं. ती भर सकाळी त्या सगळ्यांच्या मध्ये उभी राहून एका दहा वर्षांच्या मुलीची वाट बघत होती.

तेवढ्यात मागून आईची हाक आली. मी धावत तिच्याकडे गेले. पणत्यांची पिशवी माझ्या हातात देत आईनं विचारलं, "कुणाशी बोलत होतीस गं?"

मी म्हणाले, "कुणाशी नाही."